फुप्फुसात गुठळी, पोटात रक्तस्राव: दोन्ही एकाच वेळी झालं तर उपचार कशावर करायचा?

"काल म्हणालात रक्त गोठतंय. आज म्हणताय रक्त वाहतंय. मॅडम, नक्की काय ते एकदा सांगा ना आम्हाला."

आयसीयूच्या दाराशी उभी राहून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका घरची सून मला विचारत होती. आवाजात राग नव्हता, दोन रात्रींचं जागरण होतं. सासूबाई 66 वर्षांच्या. घरातच पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी वॉकर घेऊन न्हाणीपर्यंत जाताना एकदम धाप लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या दिसल्या. रक्त गोठू न देणारं औषध लगेच सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरासारखी काळी, चिकट शी झाली आणि हिमोग्लोबिन 10.8 वरून 7.1 वर आलं. पोटात कुठेतरी रक्तस्राव सुरू झाला होता.

ओळख पटू नये म्हणून काकूंचे तपशील मी थोडे बदलले आहेत. सुनेचा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे. बडोद्यात काम करताना हा प्रश्न मी मराठीत ऐकलाय, गुजरातीत ऐकलाय, आणि दर वेळी दाराशी उभ्या उभ्या पाच मिनिटांत जे सांगते ते अपुरं राहिल्याची चुटपुट घेऊन आत गेले आहे. इथे जरा बसून सांगते.

## गुठळी म्हणजे मांज्याचा गुंता

संक्रांतीनंतर कितीतरी दिवस आपल्याकडे झाडांवर, विजेच्या तारांवर मांज्याचे गुंते लोंबत असतात. नीट पाहिलं तर त्यात नुसता दोरा नसतो. वाळकी पानं, पतंगाचे कागद, एखाद्या पाखराचं पीस, जे वाऱ्यावर आलं ते सगळं अडकलेलं असतं. रक्ताची गुठळी अशीच असते. जखम झाली की प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी तिथे जाऊन चिकटतात. मग रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे धागे बनू लागतात. या धाग्यांना फायब्रिन म्हणतात. धाग्यांच्या जाळ्यात लाल पेशी अडकतात आणि भोक बुजतं. भाजी चिरताना कापलेल्या बोटाचं रक्त थोड्या वेळात थांबतं ते यामुळे.

हाच गुंता भलत्या जागी झाला की संकट. तो बहुतेक वेळा पायाच्या, मांडीच्या आतल्या शिरांमध्ये होतो. तिथलं रक्त हृदयाकडे वर चढतं ते पोटऱ्यांच्या स्नायूंच्या जोरावर. माणूस पडून राहिला की ते रेंगाळतं. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी 1856 साली या विषयावर लिहिलं, आणि गुठळीची तीन कारणं आजही त्यांच्याच नावाने शिकवतात: रक्त साचून राहणं, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं. हाड मोडलेल्या, ऑपरेशन झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या काकूंकडे ही तिन्ही हजर होती.

मांडीतला गुंता सुटला की तो पोटातल्या मोठ्या शिरेतून वर येतो, हृदयाच्या उजव्या बाजूतून जातो आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत शिरतो. तिथे नळ्या फांद्यांसारख्या बारीक होत जातात. कुठेतरी तो अडकतो. याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. वॉर्डात आम्ही नुसतं 'पी.ई.' म्हणतो.

लोकांना वाटतं यात माणूस श्वास कोंडून जातो. खरा धोका हृदयाला असतो. हृदयाची उजवी बाजू पातळ भिंतीची, कमी दाबाची सवय असलेली. घरातल्या टाकीत पाणी चढवणारी छोटी मोटर समजा. वरचा पाइप अचानक तुंबला तर ती मोटर घरघरते, तापते आणि बंद पडते. उजवं हृदय असंच आधी फुगतं, मग थकतं, आणि ते थकलं की डाव्या बाजूला रक्तच पोचत नाही. रक्तदाब कोसळतो तो त्या क्षणी.

## 'रक्त पातळ करायचं औषध' हे नावच फसवं आहे

सगळ्या गोंधळाचं मूळ या नावात आहे असं माझं ठाम मत आहे. 'पातळ' म्हटलं की वाटतं, रॉकेलात मेण विरघळावं तशी गुठळी विरघळत असेल. तसं होत नाही. हेपॅरिन हे त्यातलं जुनं, भरवशाचं औषध. 1916 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या अर्कात रक्त गोठू न देणारा गुण सापडला; हेपॅरिनची गोष्ट तिथून सुरू होते. हे औषध रक्त पातळ करत नाही आणि झालेला गुंता कापतही नाही. ते फिरकी धरून ठेवतं, नवा दोरा सुटू देत नाही.

गुंता कापायचं काम शरीर स्वतः करतं. रक्तात प्लाझ्मिन नावाची कात्री असते. ती दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे एकेक धागा तोडत बसते. पण एकीकडे ती कापतेय आणि दुसरीकडे फिरकीतून दोरा सुटतोच आहे, असं झालं तर कात्री हरते. हेपॅरिनमुळे तिला उसंत मिळते.

याचा पुरावा फार लहान पण फार महत्त्वाचा आहे. 1960 साली ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी पी.ई.च्या 35 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. औषध न दिलेल्या 19 जणांपैकी 5 जण फुप्फुसातल्या गुठळीनेच दगावले आणि आणखी 5 जणांना पुन्हा गुठळी झाली. औषध दिलेल्या 16 जणांपैकी गुठळीने एकही दगावला नाही. म्हणूनच काळी शी दिसताक्षणी हेपॅरिन बंद करताना डॉक्टरांचा हात अडखळतो. ते बंद करणं हीसुद्धा जोखीमच असते.

खरोखर गुंता कापणारी औषधं वेगळी. अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज, स्ट्रेप्टोकायनेज ही नावं हार्ट अटॅकच्या निमित्ताने काहींनी ऐकली असतील. ही औषधं शरीराच्या कात्रीला एकदम धार लावतात. पण त्या कात्रीला कुठला दोरा कापायचा ते कळत नाही. झाडावरचा गुंता कापते तशीच आकाशातल्या पतंगाची दोरही कापते. पोटातल्या अल्सरवर बसलेली खपली, टाक्यांच्या जागी धरलेली गुठळी, मेंदूतल्या एखाद्या कच्च्या रक्तवाहिनीवरचं ठिगळ, सगळं उघडं पडतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाइथो नावाच्या चाचणीत मध्यम धोक्याच्या 1005 पी.ई. रुग्णांपैकी निम्म्यांना टेनेक्टेप्लेज दिलं होतं. मेंदूत रक्तस्राव होऊन झटका येण्याचं प्रमाण औषध मिळालेल्यांमध्ये 2 टक्के होतं, न मिळालेल्यांमध्ये 0.2 टक्के. आणि या रुग्णांना आधीपासून कुठे रक्तस्राव होत नव्हता. ज्यांना होतोय, त्यांच्या बाबतीत काय होईल याची कल्पना करा.

## पण एकाच शरीरात दोन्ही कसं?

सुनेचा मूळ प्रश्न हाच होता, आणि तो अगदी रास्त आहे. रक्त एकच, मग ते एकीकडे घट्ट आणि दुसरीकडे सैल कसं?

गोठणं ही सगळ्या रक्ताची मिळून एक अवस्था नसते. ते त्या त्या जागी घडतं. आपल्या बडोद्यात एकाच दिवशी एका पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत, नळाला पाणी नसतं आणि चार गल्ल्या सोडून पाइप फुटून रस्ता भिजलेला असतो. पाणी तेच, शहराला पाणी देणाऱ्या आजवा सरोवराचंच. काकूंच्या मांडीतल्या शिरेत रक्त साचून गोठलं, आणि जठराच्या अस्तरावर एक जुना व्रण होता तिथून ते झिरपलं. नंतर कळलं की गुडघेदुखीसाठी त्या सहा महिने दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेत होत्या. त्या गोळ्यांनी जठराचं अस्तर खरवडलं जातं. व्रण मुकाट्याने तयार झाला होता, हेपॅरिनने फक्त त्याचं तोंड उघडलं.

शिवाय दोन्ही गोष्टींची कारणं बऱ्याचदा एकच असतात. मोठं ऑपरेशन, अपघात, कॅन्सर, लिव्हरचा आजार, लांबलेलं आजारपण: यात गुठळीही होते आणि रक्तही जातं. रक्तस्राव होतोय म्हणजे निदान गुठळी तरी होणार नाही, ही समजूत तर पूर्ण चुकीची आहे. रक्त जायला लागलं की शरीर घाबरून गोठवण्याची यंत्रणा आणखी जोरात चालू करतं, आणि रुग्ण अंथरुणातून हलेनासा होतो.

इथे एक तपासणी लोकांना चकवते. डी-डायमर नावाची. हे डायमर म्हणजे कात्रीने तोडलेल्या फायब्रिनचे तुकडे. रिपोर्ट वाढलेला आला की घरचे घाबरतात. पण ऑपरेशन, जखम, जंतुसंसर्ग, गरोदरपण, नुसतं वयसुद्धा हा आकडा वाढवतं. धोका कमी वाटणाऱ्या माणसात तो नॉर्मल आला तर गुठळी नाही असं म्हणायला उपयोगी पडतो. ऑपरेशन झालेल्या, रक्त जाणाऱ्या रुग्णात वाढलेल्या डी-डायमरवरून काहीच ठरत नाही. तिथे सीटी स्कॅनच लागतो.

## कोण आधी जीव घेईल?

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी बडोदा शहरात शिरली होती ते आठवा. धोक्याची पातळी 25 फूट, आणि पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी आजव्याचं पाणी सोडावं तर नदीकाठची वस्ती बुडते, अडवून धरावं तर सरोवराच्या बांधावर ताण येतो. दोन्ही बाजूंना माणसंच असतात. म्हणून तासातासाला पातळी वाचतात आणि तेवढ्यापुरतं ठरवतात. आयसीयूत आम्ही हेच करत असतो. सकाळचा निर्णय संध्याकाळी बदलला तो पातळी बदलली म्हणून.

गुठळीच्या बाजूने पहिला आकडा रक्तदाबाचा. वरचा दाब 90 च्या खाली गेला आणि सावरत नसेल तर गुठळी त्या क्षणी प्राण घेऊ शकते. दाब ठीक असेल तर इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजवं हृदय फुगलंय का ते बघतो, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं ट्रोपोनिन तपासतो. गुठळी स्कॅनमध्ये केवढी दिसते याला घरचे फार महत्त्व देतात. पण दणकट हृदयाचा माणूस मोठी गुठळी सोसतो आणि थकल्या हृदयाचा लहान गुठळीनेही ढासळतो. अगदी शेवटच्या बारीक फांदीत एखादी लहान गुठळी असेल, पायात काही नसेल आणि रक्त जोरात जात असेल, तर काही वेळा औषध न देता पायांची सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

रक्तस्रावाच्या बाजूने दोन प्रश्न: किती जातंय आणि कुठून जातंय. नाकातून येणारं रक्त दाबून धरता येतं. लघवीतून थोडं लाल दिसलं तर बहुधा वाट बघता येते. कवटी मात्र बंद डबा आहे, तिथे चमचाभर रक्तही मेंदूला दाबतं. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते. पी.ई.मध्ये खोकल्यातून थोडं रक्त पडणं हे त्याच आजाराचं लक्षण असू शकतं, कारण फुप्फुसाचा तेवढा तुकडा रक्तावाचून दुखावलेला असतो. ते रक्त पाहून "औषध बंद करा" म्हणणं म्हणजे रोगाचं लक्षण पाहून रोगाचा उपचार थांबवणं. रक्त फार पडू लागलं तर गोष्ट वेगळी.

## थोडे दिवस औषध थांबवलं तर काय बिघडलं?

कधी थांबवताय यावर अवलंबून आहे. औषधाशिवाय राहिलं तर पुन्हा गुठळी होण्याचा धोका पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त असतो. जुन्या अभ्यासांवरून तो त्या एका महिन्यात 40 टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि पुढच्या दोन महिन्यांत मिळून 10 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या महिन्यात अल्सर फुटला तर आठवडाभर औषध थांबवताना मन इतकं कचरत नाही. दुसऱ्या दिवशी फुटला तर प्रत्येक दिवस मोजून घ्यावा लागतो.

काकूंचा दुसरा दिवस होता. उजवं हृदय फुगलेलं, रक्तदाब मात्र टिकून होता.

## आधी भोक बुजवायचं

"गुठळी की रक्तस्राव" अशी निवड करत बसण्यापेक्षा रक्तस्राव जिथून होतोय ती जागा शोधून बंद करता आली तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. या आजारात सगळ्यात घाईचं पाऊल बहुतेक वेळा हेच असतं, आणि घरच्यांना ते नेमकं बाजूचं वाटतं. "छातीचा आजार आहे आणि पोटात दुर्बीण कशाला?" असं सुनेनेही विचारलं.

आम्ही हेपॅरिन थांबवलं, ॲसिड कमी करणारं औषध शिरेतून सुरू केलं आणि त्याच दिवशी दुर्बीण घालून पाहिलं. जठराच्या खालच्या टोकाला व्रण, आणि त्यात उघडी पडलेली एक बारीक धमनी. पोटविकारतज्ज्ञांनी तिथे छोटी धातूची क्लिप लावली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी. दुर्बिणीने जमत नाही तिथे मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी नेऊन आतूनच ती रक्तवाहिनी बुजवता येते. मासिक पाळीत अतोनात रक्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलवावं लागतं. प्रत्येक गळतीचा कारागीर वेगळा.

क्लिप लावलेला व्रण पुन्हा वाहण्याची भीती पहिले तीन दिवस सगळ्यात जास्त असते. म्हणून तेवढे दिवस बहुधा हेपॅरिन लांब ठेवतात. आता पेच असा की हेच तीन दिवस गुठळीच्याही दृष्टीने वाईट. त्यावरचा उपाय पुढे येतोच.

## ठिबकच का? गोळी का नाही?

हेपॅरिन पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा आम्ही ते शिरेतून, पंपावर, थेंबाथेंबाने दिलं. त्यावर सुनेचे मामेसासरे जरा नाराज झाले: "आता तर इतक्या नव्या गोळ्या निघाल्यात, जुन्या सुईवर का ठेवलंय?"

नव्या गोळ्या चांगल्याच आहेत. अपिक्साबॅन नावाच्या गोळीची जुन्या पद्धतीशी तुलना 2013 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण गोळीवर 0.6 टक्के आणि जुन्या उपचारावर 1.8 टक्के होतं. पण गोळी एकदा पोटात गेली की गेली. तिचा असर उतरायला दिवस-दीड दिवस, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून जास्त. पोटावर दर बारा तासांनी घ्यायची एनॉक्सापॅरिनची सुई त्यापेक्षा लवकर उतरते, तरी अर्धा दिवस जातोच. शिरेतलं हेपॅरिन मात्र पंप बंद केला की दर तास-दीड तासाला निम्मं होत जातं, आणि त्याच्यावर प्रोटामिन नावाचा उताराही आहे, जो काही मिनिटांत काम करतो. ज्याचं रक्त पुन्हा कधीही जाऊ शकतं त्याला असं औषध द्यावं जे आपल्याला मागे घेता येईल. सुरुवातीला देतात तो मोठा डोस टाळून, हळूहळू, दर काही तासांनी रक्त तपासत. यात नर्सेसचे हाल होतात हे खरं. रात्री तीन वाजता रक्त काढून पंपाचा आकडा बदलणाऱ्या सिस्टर या सगळ्या उपचाराचा कणा असतात.

## मग रक्त थांबवायचं इंजेक्शन तरी द्या

हा आग्रह मी दर वेळी ऐकते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं इंजेक्शन आहे. ते शरीराच्या कात्रीचे हात बांधतं, म्हणून गुंता लवकर सुटत नाही. अपघातात आणि बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात लवकर दिलं तर ते जीव वाचवतं, म्हणून त्याचं नाव झालं. पण पोटातल्या रक्तस्रावासाठी त्याची मोठी चाचणी झाली, हॉल्ट-इट नावाची, 12,009 रुग्णांवर, 2020 साली प्रसिद्ध झालेली. रक्तस्रावाने होणारे मृत्यू त्याने कमी झाले नाहीत. शिरांमधल्या आणि फुप्फुसातल्या गुठळ्या मात्र इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये 0.8 टक्के आणि न मिळालेल्यांमध्ये 0.4 टक्के अशा दुप्पट निघाल्या. ज्यांच्या फुप्फुसात आधीच गुठळी बसली आहे त्यांना हे इंजेक्शन पोटासाठी द्यायला मी धजत नाही.

रक्त चढवण्याचंही थोडं तसंच. "चार बाटल्या लावा, माणसं देतो आम्ही" असं प्रेमाने म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत, आणि त्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण पोटातल्या रक्तस्रावात सढळ हाताने रक्त दिलेल्यांपेक्षा हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच दिलेले जास्त जगले, हे 2013 मध्ये बार्सिलोनाच्या चाचणीत दिसलं. काकूंच्या हृदयावर ताण होता म्हणून आम्ही थोडी वरची रेषा धरली आणि एकेक पिशवी दिली, प्रत्येकीनंतर पुन्हा मोजून. फुगलेल्या उजव्या हृदयात भसाभस काहीही भरलं की ते आणखी फुगतं.

## सरळ काढूनच का टाकत नाही?

छाती उघडून गुठळी काढायचं ऑपरेशन आहे. जर्मनीच्या ट्रेंडेलेनबर्ग यांनी 1908 साली त्याचा प्रयत्न केला होता. पुढे 1931 च्या सुमारास बॉस्टनमध्ये पी.ई.च्या एका रुग्ण बाईंजवळ रात्रभर बसलेल्या जॉन गिबन या तरुण डॉक्टरला वाटलं, हिचं रक्त थोडा वेळ शरीराबाहेरून फिरवता आलं असतं तर! त्या एका रात्रीतून हार्ट-लंग मशीनचा ध्यास सुरू झाला आणि 1953 साली गिबन यांनीच ते वापरून पहिलं यशस्वी हृदयाचं ऑपरेशन केलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. अडचण एवढीच की ते मशीन चालवायला भरपूर हेपॅरिन लागतं, आणि आपण तर त्यापासूनच पळतोय.

आता मांडीतल्या शिरेतून जाड नळी थेट फुप्फुसापर्यंत नेऊन गुठळी ओढून काढता येते, कात्रीचं औषध अजिबात न वापरता. रक्तदाब कोसळतोय आणि रक्तही जातंय अशा माणसासाठी हा मोठा आधार आहे. नळी आत असताना थोडं हेपॅरिन लागतंच, पण ते थोड्या वेळापुरतं. खर्च बराच, आणि हात बसलेली टीम हवी. काकूंचा दाब टिकून होता म्हणून आम्हाला त्या वाटेला जावं लागलं नाही.

## जाळी: चांगली, पण मुदतीची

आता तो तीन दिवसांचा पेच. काकूंच्या पायांच्या सोनोग्राफीत डाव्या मांडीच्या शिरेत अजून लांबलचक गुठळी दिसत होती. हेपॅरिन बंद, हृदय थकलेलं, आणि वरून आणखी एक तुकडा सुटला असता तर ते सोसलं नसतं. म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत आम्ही एक जाळी बसवली. छत्रीच्या काड्यांसारखी तारांची, सुरळी करून बारीक नळीतून नेतात आणि जागेवर गेल्यावर ती उघडते. रक्त जातं, मोठा तुकडा अडकतो. पावसाळ्याआधी गटाराच्या तोंडाशी बसवलेली जाळी डोळ्यांपुढे आणा.

"मग सगळ्यांनाच का नाही बसवत? आणि बसवली ती राहू दे ना, बरीच आहे."

गटाराची जाळी साफ केली नाही तर तिथेच कचरा तुंबतो. फ्रान्समध्ये 400 रुग्णांवर झालेल्या, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जाळी बसवलेल्यांना सुरुवातीच्या दिवसांत फुप्फुसातल्या गुठळ्या कमी झाल्या, पण दोन वर्षांत पायातल्या गुठळ्या जास्त झाल्या: 20.8 टक्के, जाळी नसलेल्यांमध्ये 11.6 टक्के. एकूण मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. 2015 साली आणखी एक चाचणी आली. ज्यांना रक्त गोठू न देणारं औषध नीट चालू आहे त्यांना वरून जाळी लावून काही फायदा दिसला नाही. जाळी ही औषध देताच येत नाही तेवढ्या दिवसांची सोबत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तर हिशेब मांडून सांगितलं की धोका टळला असेल तर साधारण 29 ते 54 दिवसांच्या दरम्यान ती काढणं सगळ्यात फायद्याचं. जाळी विसरली जाते, हा यातला खरा अपघात आहे. रुग्ण बरा होतो, घरी जातो, फाइल कपाटात जाते.

## मेंदूत रक्तस्राव असेल, किंवा प्लेटलेट कमी असतील तर?

मेंदूत ताजा रक्तस्राव असेल तर कात्रीचं औषध वर्ज्य. आधी जाळीचा विचार, आणि सीटी स्कॅनमध्ये रक्त वाढत नाही असं दिसल्यावर मेंदूतज्ज्ञांच्या संमतीने हेपॅरिन, तेही आधी अगदी कमी मात्रेत. प्लेटलेटचं म्हणाल तर कॅन्सरच्या रुग्णांत साधारण 50,000 च्या वर पूर्ण डोस, 25,000 ते 50,000 मध्ये कमी डोस आणि त्याखाली थांबणं असा अंदाज धरतात. डेंग्यूचे आकडे रोज हलतात, तिथे रोजच ठरवावं लागतं.

## घरच्यांकडून आम्हाला काय हवं असतं

गोळ्यांची पिशवी. खरंच, घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. डॉक्टरांनी दिलेल्याच नव्हेत, तर मेडिकलमधून अशाच आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, रक्तदाबाबरोबर कुणीतरी कधी सुरू केलेली ॲस्पिरिन, वैद्यांचं चूर्ण, सगळं. काकूंच्या डायक्लोफेनॅकबद्दल आम्हाला आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी जठर जपणारं औषध जोडलं असतं. पूर्वी कधी काळी शी झाली होती का, अल्सर, मूळव्याध, झटका, डोक्याला मार, हे लाजून लपवू नका. नेमकं वजन सांगा. हेपॅरिनचा डोस किलोवर ठरतो.

आणि एक विनंती. उपचार चालू असताना "आज काय ठरलं?" बरोबरच "पुन्हा कधी ठरवणार?" हेही विचारा. या आजारात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त उपयोगाचं असतं.

घरी गेल्यावर एकदम धाप लागली, छातीत कळ आली, चक्कर येऊन पडायला झालं, एकच पाय सुजला, काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली, डोक्याला मार बसला, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, 108 ला फोन करा. आणि मनाने गोळी बंद करू नका. एकदा रक्त गेलं म्हणून भीतीने गोळ्या सोडून दिलेले आणि तीन आठवड्यांनी दुसरी गुठळी घेऊन आलेले रुग्ण मी पाहिलेत. पी.ई.नंतर निदान तीन महिने औषध लागतं. पुढे लागेल का, ते गुठळी कशामुळे झाली त्यावर ठरतं. काकूंच्या बाबतीत ऑपरेशन हे स्पष्ट कारण होतं, म्हणून तीन महिन्यांनी थांबवण्याची आशा होती.

क्लिप लावल्यावर तिसऱ्या दिवशी हेपॅरिनचा पंप पुन्हा सुरू झाला. आठव्या दिवशी गोळी. जाळी काढायची तारीख सुनेने आयसीयूच्या दाराशीच मोबाइलमध्ये टाकली आणि घरी जाऊन कालनिर्णयावरही लाल पेनाने गोल केला, असं तिनेच नंतर सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती सासूबाईंना घेऊन आली. जाळी निघाली. जठरातल्या जंतूची, हेलिकोबॅक्टरची तपासणी आधीच झाली होती, ती पॉझिटिव्ह होती आणि दोन आठवड्यांची औषधं पूर्ण झाली होती.

निघताना काकूंनी स्वतः विचारलं, "मॅडम, गुडघ्याचं काय करू? दुखतातच ते."

मी पॅरासिटामॉल लिहून दिली, दिवसात जास्तीत जास्त किती ते आकड्यात लिहिलं, आणि व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. सुनेने पर्समधून डायक्लोफेनॅकची उरलेली दोन पाकिटं काढून माझ्या टेबलावर ठेवली.